ऑरेटोरिओतून संगीतिकेकडे : कॅथलीन फेरियर यांच्या गायनजीवनाचा पूर्वार्ध (१९३७–१९४७)

१

विसाव्या शतकातील इंग्लंडच्या संगीतेतिहासात कॅथलीन फेरियर यांचे नाव एका आख्यायिकेसह उच्चारले जाते. मार्च १९३७ मध्ये कार्लाइल येथील संगीतस्पर्धेत पियानोवादनासाठी उतरलेल्या या चोवीस वर्षांच्या तरुणीला, गायनाच्या स्पर्धेतही नाव देण्याचे धाडस तिला होणार नाही, असे तिच्या पतीने चिडविले व एका शिलिंगची पैज लावली. तिने पैज स्वीकारली, दोन्ही स्पर्धा जिंकल्या आणि त्या महोत्सवातील सर्वोत्कृष्ट स्पर्धक म्हणून विशेष पारितोषिकही मिळविले. पुढे सुमारे साडेदहा वर्षांनी हीच तरुणी ब्रूनो वॉल्टर यांच्यासारख्या संचालकाबरोबर एडिंबरोच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात गाताना दिसते. एका शिलिंगची पैज आणि जगद्विख्यात कीर्ती या दोन टोकांमधील अंतर इतके मोठे आहे की चरित्रकारांना मध्यंतरीचा काळ चमत्काराने भरून काढण्याचा मोह व्हावा, हे स्वाभाविक आहे.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला चमत्काराने समाधान मिळत नाही. फेरियरबाईंचा आवाज असामान्य होता, याविषयी दुमत नाही. प्रश्न असा आहे की ज्या स्त्रीने चौदाव्या वर्षी शाळा सोडली, जिला संगीत महाविद्यालयाचे दार कधी उघडले नाही आणि जिने पंचविशीपर्यंत गायन हा आपला व्यवसाय मानलाच नव्हता, तिचा आवाज देशाच्या कानावर पोहोचला तो कोणत्या वाटेने? ती वाट कोणी घातली होती? आणि त्या वाटेने आलेली गायिका संगीतिकेच्या रंगभूमीवर अवघ्या दोनच भूमिका करून का थांबली? या प्रश्नांचा परस्परसंबंध दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

२

फेरियरबाईंचा जन्म २२ एप्रिल १९१२ रोजी लँकेशायर परगण्यातील हायर वॉल्टन या गावी झाला. वडील विल्यम फेरियर हे तेथील शाळेचे मुख्याध्यापक होते. लवकरच ते ब्लॅकबर्न या कापड गिरण्यांच्या शहरात दुसऱ्या शाळेवर रुजू झाले व कुटुंब तेथे स्थायिक झाले. वडील हौशी समूहगायक होते. घरात पियानो होता. ही परिस्थिती त्या प्रदेशात अपवादात्मक नव्हती, आणि विषयाच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची आहे.

उत्तर इंग्लंडच्या औद्योगिक नगरांत एकोणिसाव्या शतकात समूहगायनाची जी परंपरा वाढली, तिचा पाया हँडेलच्या ‘मेसाया’ या कृतीवर उभा होता. ‘मेसाया’ प्रथम १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिन येथे सादर झाला. हा ऑरेटोरिओ होय. ऑरेटोरिओत धर्मग्रंथातील विषय एकल गायक, गायकवृंद व वाद्यवृंद यांच्या द्वारा मांडला जातो. मात्र वेषभूषा, नेपथ्य व अभिनय यांना तेथे स्थान नसते. गायक रांगेत उभे राहतात, हातात स्वरलिपीची पोथी धरतात आणि गातात. या प्रकाराला रंगमंचाचा खर्च लागत नाही. रंगभूमीविषयी साशंक असणाऱ्या धर्मनिष्ठ समाजालाही तो निःसंकोच स्वीकारता येतो. जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोकप्रिय केलेल्या ‘टॉनिक सोल-फा’ पद्धतीमुळे गिरणीकामगारांनाही स्वरवाचन साध्य झाले, आणि नोव्हेलो या प्रकाशनसंस्थेने स्वस्त आवृत्त्या काढल्यामुळे ‘मेसाया’ची पोथी सामान्य घरात पोहोचली. हडर्सफील्डची समूहगायन संस्था १८३६ मध्ये स्थापन झाली. मँचेस्टरचा हॅले वाद्यवृंद १८५८ मध्ये. १८४६ मध्ये मेंडेल्सनचा ‘एलायजा’ बर्मिंगहॅम येथे प्रथम सादर झाला आणि ‘मेसाया’च्या जोडीला जाऊन बसला. नाताळच्या सुमारास ‘मेसाया’ झाला नाही, असे नगर त्या भागात सापडणे कठीण होते.

या परंपरेतून एक विशिष्ट गायिका घडत गेली. ऑरेटोरिओला चार एकल आवाज लागतात. त्यांतील स्त्रीच्या खालच्या पट्टीतील आवाजाला कॉन्ट्राल्टो म्हणतात. युरोपातील संगीतिकेत या आवाजाच्या वाट्याला बहुधा दाई, चेटकीण अथवा वृद्ध माता अशा दुय्यम भूमिका येतात. नायिकेचे पद उंच पट्टीच्या सोप्रानोकडे जाते. ऑरेटोरिओत मात्र करुणरसाचा सर्वोच्च क्षण कॉन्ट्राल्टोकडेच असतो. ‘मेसाया’तील ख्रिस्ताच्या अवहेलनेचे गीत किंवा ‘एलायजा’तील सांत्वनाचे गीत ही त्याची उदाहरणे होत. त्यामुळे इंग्लंडमध्ये या आवाजाला जी प्रतिष्ठा लाभली, ती गायनसभांच्या बळावर लाभली. रंगभूमीचा तिच्यात वाटा अल्प होता. फेरियरबाईंच्या आधीच्या पिढीतील विख्यात कॉन्ट्राल्टो क्लॅरा बट (१८७२–१९३६) यांचा सारा लौकिक सभागायनातच मिळविलेला होता. त्यांनी रंगमंचावर केलेली एकमेव भूमिका ग्लुकच्या ‘ऑर्फिओ’तील होती, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे.

३

कॅथलीनचे बालपण या वातावरणात गेले असले तरी तिचे शिक्षण झाले ते पियानोचे. १९२४ मध्ये लिदम सेंट ॲन्स येथील स्पर्धेत त्रेचाळीस स्पर्धकांत तिचा चौथा क्रमांक आला. संगीत महाविद्यालयात जाण्याची तिची इच्छा होती. परंतु वडिलांच्या निवृत्तीचा काळ जवळ येत होता व कुटुंबाला तो खर्च झेपणारा नव्हता. ऑगस्ट १९२६ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तिने शाळा सोडली व ब्लॅकबर्नच्या टेलिफोन केंद्रात ती उमेदवार म्हणून दाखल झाली. १९२८ मध्ये एका राष्ट्रीय वृत्तपत्राच्या पियानोस्पर्धेच्या प्रादेशिक फेरीत तिने एक पियानो जिंकला. १९३० मध्ये मँचेस्टर नभोवाणी केंद्रावरून तिचे वादन झाले. १९३१ च्या डिसेंबरात एका चर्चमध्ये झालेल्या ‘एलायजा’त तिने एक लहानसा भाग गायिला, पण त्या गायनात कोणाला काही विशेष आढळले नाही.

नोव्हेंबर १९३५ मध्ये तिचा विवाह झाला आणि टेलिफोन केंद्रातील नोकरी संपली. विवाहित स्त्रियांना टपाल खात्याच्या सेवेत त्या वेळी स्थान नव्हते. सनदी नोकरीतील हे बंधन १९४६ मध्ये उठले. येथे इतिहासाचा एक विरोधाभास दिसतो. नियम अन्यायाचाच होता. तथापि नऊ वर्षांच्या ठराविक पाळ्यांतून तिला मोकळे केले तेही त्या नियमानेच. पतीच्या बदलीमुळे ती कंबरलंडच्या किनाऱ्यावरील सिलथ या गावी राहावयास गेली, आणि तेथून जवळच कार्लाइल होते.

कार्लाइलसारख्या स्पर्धामहोत्सवांचा उगम मेरी वेकफील्ड या बाईंनी १८८५ मध्ये केंडल परिसरात सुरू केलेल्या गायकवृंदांच्या स्पर्धेत आहे. गावोगावच्या गायकवृंदांनी एकाच कृतीचा वर्षभर अभ्यास करावा, तज्ज्ञ परीक्षकासमोर स्पर्धा करावी आणि अखेरीस सर्वांनी मिळून ती कृती गावी, अशी ती कल्पना होती. पुढे एकल गायन व वादन यांचेही विभाग जोडले गेले. या महोत्सवांचे खरे महत्त्व त्यांच्या परीक्षकांत होते. राजधानीतील जाणकार संगीतज्ञ वर्षातून एकदा आडगावी येऊन अनोळखी आवाज ऐकत असत. महाविद्यालयात न गेलेल्या गुणी व्यक्तीला जाणत्या कानापर्यंत पोहोचण्याचे दुसरे साधन त्या काळी क्वचितच होते. १९३९ च्या कार्लाइल महोत्सवात फेरियरबाईंचे गाणे ऐकून जे. ई. हचिन्सन या नामांकित शिक्षकांनी त्यांना शिष्या म्हणून स्वीकारले. बाख, हँडेल, ब्राम्स व एल्गार यांच्या कृतींचा पद्धतशीर अभ्यास येथून सुरू झाला. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस वर्षांच्या आसपास होते. एक शिलिंगची पैज हे निमित्त होय. कारण म्हणावयाचे तर ते अर्धशतकापूर्वी केंडलमध्ये घडलेले आहे.

४

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले. वरवर पाहता कलाजीवनाचा हा अंत ठरावयास हवा होता. डिसेंबर १९४० च्या हवाई हल्ल्यात मँचेस्टरचे फ्री ट्रेड हॉल जळाले व हॅले वाद्यवृंद बेघर झाला. मे १९४१ मध्ये लंडनचे क्वीन्स हॉल नष्ट झाले. परंतु सभागृहे गेली म्हणून संगीत थांबले नाही. ते चर्चमध्ये, कारखान्यांच्या उपाहारगृहांत आणि सैनिकी छावण्यांत गेले. १९४० च्या आरंभी पिल्ग्रिम ट्रस्टच्या पंचवीस हजार पौंडांच्या देणगीवर ‘संगीत व कला प्रोत्साहन मंडळ’ उभे राहिले. त्याच्या आद्याक्षरांवरून ते ‘सेमा’ या नावाने प्रसिद्ध झाले. सरकारने या निधीत भर घातली, आणि कलेला नियमित राजाश्रय देण्याची प्रथा इंग्लंडमध्ये रूढ झाली. या मंडळाचेच १९४६ मध्ये आर्ट्स कौन्सिलमध्ये रूपांतर झाले.

डिसेंबर १९४० मध्ये हचिन्सन यांच्या संचालनाखाली झालेल्या ‘मेसाया’त फेरियरबाई प्रथमच माहेरच्या नावाने व्यावसायिक गायिका म्हणून उभ्या राहिल्या. १९४१ च्या आरंभी ‘सेमा’ने त्यांची निवड केली. या कामाचे स्वरूप कष्टाचे होते. अंधारलेल्या स्थानकांतून गाड्या बदलत प्रवास करावयाचा, आणि ज्यांनी असे संगीत क्वचितच ऐकले होते अशा श्रोत्यांसमोर जेवणाच्या सुटीत गावयाचे. ज्या गायिकेला महाविद्यालय लाभले नाही, तिची ही शाळा झाली. तेथे पोथीतील शुद्धतेपेक्षा शब्द श्रोत्यापर्यंत पोहोचणे महत्त्वाचे होते. पुढे फेरियरबाईंच्या गायनात शब्दोच्चाराची जी पारदर्शकता व कृत्रिमतेचा जो अभाव सर्वांना जाणवला, त्याचे मूळ या अनुभवात शोधणे अयोग्य ठरणार नाही.

डिसेंबर १९४१ मध्ये हॅले वाद्यवृंदाच्या ‘मेसाया’त इझोबेल बेली यांच्यासारख्या मान्यवर गायिकेबरोबर त्यांना गावयास मिळाले. याच सुमारास मँचेस्टरच्या नभोवाणी केंद्राने मात्र त्यांची आवाजपरीक्षेची विनंती नाकारली. यशाची वाट सरळ नव्हती, हे यावरून दिसते. पुढे संचालक माल्कम सार्जंट यांनी त्यांचे गाणे ऐकून लंडनच्या एका प्रमुख व्यवस्थापन संस्थेकडे शिफारस केली, आणि २४ डिसेंबर १९४२ रोजी आपल्या बहिणीसह त्या लंडनला राहावयास आल्या. चारच दिवसांनी नॅशनल गॅलरीत, मायरा हेस यांनी युद्धकाळात सुरू केलेल्या दुपारच्या मैफलींत, त्यांचे राजधानीतील पहिले गायन झाले.

या गायनानंतर फेरियरबाईंनी जे केले, त्यात त्यांच्या स्वभावाची खूण दिसते. सभा चांगली झाली होती. तरीही त्या स्वतः असमाधानी होत्या. आपले शिक्षण अपुरे आहे, असा निर्णय त्यांनीच केला आणि रॉय हेंडर्सन यांच्याकडे त्या शिकू लागल्या. हेंडर्सन हे ऑरेटोरिओचे गायक व गायकवृंदांचे संचालक तर होतेच, शिवाय १९३४ मध्ये ग्लाइंडबोर्न येथील संगीतिका महोत्सवाच्या पहिल्याच प्रयोगात त्यांनी प्रमुख भूमिका केली होती. समूहगायनाची सभा आणि संगीतिकेची रंगभूमी ही दोन्ही क्षेत्रे त्यांच्या व्यक्तित्वात एकत्र आली होती. शिष्येच्या घशाची रचनाच मोठी व मोकळी आहे आणि तिच्या आवाजातील भरदारपणाचा काही अंश त्यामुळे आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. परंतु केवळ या देणगीने गायिका घडत नाही, याचीही त्यांना पुरेपूर जाणीव होती. हे गुरुशिष्याचे नाते अखेरपर्यंत टिकले.

१७ मे १९४३ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत रेजिनाल्ड जाक यांच्या संचालनाखाली ‘मेसाया’ झाला. १७८४ मध्ये हँडेलच्या स्मरणार्थ झालेल्या भव्य उत्सवापासून या वास्तूचे ‘मेसाया’शी जुने नाते होते. फेरियरबाईंबरोबर इझोबेल बेली व पीटर पियर्स हे गायक होते. संगीतज्ञांच्या वर्तुळात फेरियरबाईंची खरी दखल येथून घेतली गेली, असे टीकाकार नेव्हिल कार्डस यांचे मत आहे. श्रोत्यांत बेंजामिन ब्रिटन हे तरुण संगीतकार होते. संगीतिकेचा दरवाजा उघडला तो अशा रीतीने ऑरेटोरिओच्या सभेत.

५

संगीतिकेविषयी फेरियरबाईंना स्वतःला ओढ नव्हती. मार्च १९४४ मध्ये स्टूरब्रिज येथे ‘कार्मेन’चे अभिनयाविना सभागायन झाले, त्यात त्यांनी नायिकेचा भाग गायिला, परंतु तो अनुभव त्यांना रुचला नाही व तशी आमंत्रणे त्या टाळू लागल्या. पोथी हाती घेऊन स्थिर उभे राहण्याची सवय झालेल्या गायिकेला हातपाय कोठे ठेवावेत, चालावे कसे, हाच मोठा प्रश्न वाटत असे. अशा स्थितीत ब्रिटन यांनी आपल्या ‘द रेप ऑफ ल्यूक्रिशिया’ या नव्या संगीतिकेतील नायिकेची भूमिका त्यांना देऊ केली. युद्धानंतरच्या ग्लाइंडबोर्न महोत्सवाचा आरंभ १२ जुलै १९४६ रोजी या संगीतिकेने झाला. संचालक अर्नेस्ट आन्सेर्मे होते. प्रयोगांची संख्या मोठी असल्याने दोन गायकसंच तयार केले होते व नॅन्सी इव्हान्स या दुसऱ्या ल्यूक्रिशिया होत्या.

या संगीतिकेची रचना विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. तिच्यात आठच गायक व एक लहानसा वाद्यवृंद आहे. रोमन पतिव्रतेवर झालेल्या बलात्काराची व तिच्या आत्मघाताची ही कथा एक पुरुषगायक व एक स्त्रीगायिका असे दोन निवेदक कृतीबाहेर राहून सांगतात, आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रकाशात तिचा अर्थ लावतात. ही घडण बाखच्या ‘पॅशन’ कृतींतील निवेदकाची आठवण करून देते. म्हणजे फेरियरबाईंना जी पहिली संगीतिका लाभली, ती ऑरेटोरिओच्या सीमेवर उभी होती. नायिकेच्या भूमिकेला धावपळ नको होती. प्रतिष्ठा, शांती व अंतरीचे दुःख हवे होते. ज्या स्थिरतेला त्या आपला दोष समजत होत्या, तीच येथे गुण ठरली.

एका स्वराची हकीकत या संदर्भात नोंदविण्याजोगी आहे. भूमिकेत एके ठिकाणी तारसप्तकातील ‘ए’ हा स्वर येतो. तो आपल्या आवाक्याबाहेर आहे, अशी त्यांची समजूत होती. म्हणून ब्रिटन यांनी त्यांच्यासाठी खालचा पर्यायी स्वर लिहून दिला. पुढे एका प्रयोगात प्रसंगाच्या आवेगात त्यांनी वरचाच स्वर घेतला, आणि नंतर पर्यायाची गरज उरली नाही. सभागायनाने आखून दिलेली मर्यादा रंगभूमीने ओलांडावयास लावली, असे याचे तात्पर्य सांगता येईल. प्रांतिक नगरांत या संगीतिकेला प्रेक्षक थोडे लाभले व आर्थिक नुकसान झाले. मात्र ऑक्टोबरमध्ये हा संच हॉलंडला गेला, आणि तो फेरियरबाईंचा पहिला परदेशप्रवास होता.

पुढील वर्षी, १९ जून १९४७ रोजी, ग्लाइंडबोर्न येथेच त्यांनी ग्लुकच्या ‘ऑर्फिओ’त नायकाची भूमिका केली. ही निवड आकस्मिक नव्हती. रंगभूमीवर उभे राहावयाचे तर याच भूमिकेत, असे त्यांचे मत होते. या निवडीमागचा इतिहास पाहिला म्हणजे तिची यथार्थता पटते. व्हिएन्नात १७६२ मध्ये ही भूमिका प्रथम करणारा गाएतानो ग्वादान्यी हा त्यापूर्वी लंडनमध्ये हँडेलच्या ऑरेटोरिओंत गात असे. ‘मेसाया’तील एका गीताची नवी रचना हँडेलने त्याच्यासाठीच केली होती. लंडनच्या मुक्कामात त्याने गॅरिक या थोर नटाकडून अभिनयाचे धडे घेतले, असे बर्नी या संगीतेतिहासकाराने नमूद केले आहे. १८५९ मध्ये बर्लिओझने पॅरिसमध्ये पोलीन व्हियार्दो या गायिकेसाठी ही संगीतिका पुन्हा सिद्ध केली आणि भूमिका स्त्रीच्या खालच्या आवाजाकडे आली. ‘मेसाया’कडून ‘ऑर्फिओ’कडे जाणारी वाट, याप्रमाणे, दोनशे वर्षांपूर्वीच पाडलेली होती. शिवाय या संगीतिकेत गायकवृंद हे एक प्रमुख पात्र आहे. पडदा उघडतो तेव्हा गायकवृंद शोकगीत गात असतो व त्यातून नायक केवळ पत्नीचे नाव तीनदा उच्चारतो. समूहाच्या स्वरांतून एकट्या आवाजाने वर यावे, ही स्थिती लँकेशायरच्या गायिकेला बालपणापासून परिचित होती.

६

सप्टेंबर १९४७ मध्ये एडिंबरो येथे ब्रूनो वॉल्टर यांच्या संचालनाखाली फेरियरबाईंनी मालरची ‘दास लीड फॉन देर एर्दे’ ही कृती गायिली, आणि त्यांच्या जीवनाचा पूर्वार्ध संपला. यानंतर आंतरराष्ट्रीय कीर्तीची सहा वर्षे त्यांना लाभली. मार्च १९५१ मध्ये कर्करोगाचे निदान झाले. फेब्रुवारी १९५३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये त्या पुन्हा ‘ऑर्फिओ’ म्हणून उभ्या राहिल्या. ६ फेब्रुवारीच्या दुसऱ्या प्रयोगात आजाराने पोखरलेले मांडीचे हाड रंगमंचावरच मोडले, तरी त्यांनी प्रयोग पुरा केला. तोच त्यांचा अखेरचा जाहीर कार्यक्रम ठरला. ८ ऑक्टोबर १९५३ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांनी दोनच भूमिका केल्या, याचे कारण बहुधा त्यांच्या संकोचात शोधले जाते. वरील विवेचनावरून असे म्हणावेसे वाटते की, त्या ज्या परंपरेतून आल्या तिने त्यांना रंगभूमीवरील याच दोन स्थानांसाठी घडविले होते. या मर्यादेची खंत करण्याचे कारण नाही. आवाजाचा, परंपरेचा व भूमिकेचा असा मेळ कलावंताच्या आयुष्यात दोनदा जुळणे हेही थोडे नव्हे.

त्यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या पारितोषिकासाठी १९५६ मध्ये स्पर्धा झाली, तेव्हा दुसरा क्रमांक जॅनेट बेकर या यॉर्कशायरच्या तरुणीला मिळाला. तीही महाविद्यालयात गेलेली नव्हती. लीड्समध्ये बँकेत नोकरी करीत ती तेथील गायकवृंदात गात असे. १९८२ मध्ये तिने संगीतिकेच्या रंगभूमीचा निरोप घेतला, तो ग्लाइंडबोर्न येथे, ‘ऑर्फिओ’च्याच भूमिकेत. एखादी घटना एकदा घडली तर तिला दैव म्हणता येते. तीच वाट दुसऱ्या पिढीने पुन्हा चालून दाखविली म्हणजे मात्र ज्या नामहीन गायकवृंदांनी, ग्रामीण महोत्सवांनी व कारखान्यांतील मैफलींनी ती वाट तयार केली, त्यांचे ऋण इतिहासाने मान्य केले पाहिजे.